शाळेबाहेरचे ‘नशेचे स्टिकर’: खुलासा

‘शाळेच्या फाटकाबाहेर कार्टूनचे स्टिकर फुकट वाटतात, त्यात एलएसडी (भास घडवणारं अमली द्रव्य) असतं, अंगावर चिकटवताच व्यसन लागतं.’ हा इशारा 1980 च्या दशकापासून फिरतोय. आधी झेरॉक्सवर, आता मोबाइलवर.

यातला एक धागा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. एलएसडी शोषक कागदाच्या छोट्या चौकोनांवर विकलं जातं आणि त्यावर कधीकधी कार्टूनही असतं. पण ते तोंडावाटे घेतात. चिकटवलेल्या कागदातून त्वचेवाटे नशा येण्याइतकं आत जात नाही. त्याचं शारीरिक अवलंबित्वही येत नाही, त्यामुळे ‘फुकट देऊन गिऱ्हाईक पक्कं’ हा हिशेब जुळत नाही. (गिऱ्हाईकही बिनपैशाचं!)

मेसेजमध्ये तारीख, शाळा, पोलीस ठाणं शोधा. ठाण्याचं नाव असेल तर तिथला नंबर स्वतः शोधून विचारा. मेसेजमधला वापरू नका.

शाळेत व्यसनप्रतिबंधाचे तास घेणाऱ्या पोलिसांपुढे अडचण वेगळीच. मुलं अनोळखी स्टिकरवाल्याला घाबरतात, पण पहिली सिगारेट किंवा गोळी बहुधा ओळखीच्याच हातून येते. मित्राला नाही कसं म्हणायचं, याचा मोठ्याने सराव जास्त उपयोगी. आणि अनोळखी काही तोंडात गेलंच, तर उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.