पार्श्वभूमी : ओळखीचा चेहरा मेंदूला कसा कळतो

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुडाळला नाहीतर कणकवलीला गाडी लागते, चाकरमान्यांचा लोंढा उतरतो आणि न्यायला आलेल्याला त्या गर्दीत आपला भाऊ क्षणात दिसतो. मग त्याने दाढी वाढवलेली असो की वर्षभरात तो सुटलेला असो. मेंदू हे कसे करतो याचा उलगडा झाला तो बहुतांशी हे काम बिघडलेल्या माणसांमुळे.

१९४७ साली जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी युद्धात डोक्याला जखम झालेल्या रुग्णांची नोंद केली. त्यांना नाक, डोळे, तोंड नीट दिसे, पण माणूस कोण ते कळत नसे. तोच माणूस बोलला की लगेच ओळख पटे. या विकाराला बोडामर यांनी प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिले. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयवर (मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणारे स्कॅन) मेंदूच्या तळाशी, बहुधा उजवीकडे जास्त ठळक, असा चेहऱ्यांना खास प्रतिसाद देणारा भाग दाखवला.

पण चेहरा दिसणे आणि तो ओळखीचा असणे यांत फार अंतर आहे, आणि आमच्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. अनोळखी माणसाच्या बाबतीत आपण केस, कपाळ, चेहऱ्याची कड यांवर भिस्त ठेवतो. ओळखीच्याच्या बाबतीत डोळे-नाक-तोंडाचा आतला भाग पुरतो. म्हणूनच केस कापले तरी भाऊ भाऊच राहतो. २०११ मध्ये रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी दोन डच महिलांचे प्रत्येकी २० फोटो लोकांपुढे ठेवले आणि माणसागणिक ढीग करायला सांगितले. ज्यांना त्या ठाऊक होत्या त्यांनी जवळजवळ सगळ्यांनी दोनच ढीग केले. परक्या प्रेक्षकांनी सरासरी सात-आठ. एकच बाई त्यांना अनेक बायका वाटली! एखादा चेहरा उन्हात, कंदिलाच्या उजेडात, हसताना, चिडलेला असा अनेकदा पाहिला की मगच त्याचे पक्के रूप मनात बसते. एका आधारकार्डावरच्या फोटोने ते होत नाही.

१९८६ मध्ये व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी या कामाचे टप्पे मांडले : आधी चेहऱ्याची घडण, मग ‘हा पाहिलेला आहे’, मग माणसाविषयीची माहिती, आणि नाव सर्वांत शेवटी. म्हणून ‘वरच्या वाडीतला, रिक्षा चालवतो’ एवढे आठवून नाव अडते. ते दुखणे नव्हे. याउलट १९२३ मध्ये फ्रान्समध्ये वर्णिलेल्या कॅप्ग्रास विकारात चेहरा ओळखू येतो, पण जिव्हाळ्याची जाणीव उमटत नाही, आणि रुग्ण म्हणतो, ‘दिसतो माझ्या मुलासारखा, पण हा तो नव्हे.’ अशा वेळी वाद घालून पटवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

घरातल्या आजी चेहरे ओळखत नसतील तर आधी डोळे तपासून घ्यावेत, मोतीबिंदूनेही चेहरे पुसट होतात. मग समोरच्याला बोलायला सांगावे. आवाजावरून ओळख पटली आणि नजर ठीक असली, तर घोटाळा चेहरा वाचण्यात आहे. आवाजानेही पटली नाही तर स्मृतीची तपासणी हवी. हे सारे हळूहळू झाले असेल तर. काल ओळखत होत्या आणि आज अचानक ओळखेनाशा झाल्या, तर तो पक्षाघात, म्हणजे मेंदूचा झटका, असू शकतो. तो गुठळीमुळे आला असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि गावातून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयापर्यंतचा रस्ताच त्यातला बराच वेळ खातो. लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहून घ्यावी आणि सणाची आवराआवर टाकून लगेच निघावे.