शोकात्मिका, ग्रीक

अथेन्समध्ये इ. स. पू. पाचव्या शतकात परिणत झालेला नाट्यप्रकार. मराठीत ‘शोकांतिका’ हा शब्द रुळला असला, तरी ईस्किलसचे ‘युमेनिडीझ’ किंवा युरिपिडीझचे ‘हेलेन’ यांचा शेवट शोकात होत नाही. म्हणून ‘शोकात्मिका’ ही संज्ञा अधिक योग्य.

मूळ ग्रीक शब्द ‘त्रागोइदिया’. ‘त्रागोस’ म्हणजे बोकड, ‘ओइदे’ म्हणजे गीत. येथे बोकडाचा संबंध कसा आला, याविषयी एकमत नाही. तो स्पर्धेतील पारितोषिक होता, असे काही मानतात. तर काहींच्या मते हे बळीच्या वेळी गायले जाणारे गीत. अजरूपी सॅटरांचे (डायोनायसस या मद्यदेवाच्या अर्धपशू अनुचरांचे) गीत, हा तिसरा अर्थ फारसा टिकत नाही. कारण अथेन्सच्या जुन्या कुंभचित्रांतील सॅटरांना घोड्याची शेपटी आहे. ॲरिस्टॉटल डायोनायससच्या स्तवनपर ‘डिथिरॅम’ गीतांच्या अग्रगायकांकडे बोट दाखवतो. आधुनिक अभ्यासकांपैकी विल्यम रिजवे यांनी वीरांच्या समाधिपूजेत, तर गिल्बर्ट मरी यांनी दरवर्षी मरून पुन्हा जन्मणाऱ्या वर्षदेवतेच्या विधीत उगम शोधला. पिकर्ड-केंब्रिज यांनी १९२७ मध्ये या दोन्ही उपपत्तींची केलेली चिकित्सा आजही ग्राह्य वाटते.

वृंदातून (गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहातून) वेगळा नट प्रथम थेस्पिसने उभा केला, असे परंपरा सांगते (सु. इ. स. पू. ५३४). दुसरा नट ईस्किलसने, तर तिसरा नट आणि चित्रित नेपथ्य सॉफोक्लीझने आणले, असे ॲरिस्टॉटल नोंदवतो. डायोनायससच्या महोत्सवात तीन कवींची स्पर्धा होई. प्रत्येकजण तीन शोकात्मिका आणि एक सॅटर-नाटक (सॅटरांचा वृंद असलेले हलकेफुलके नाटक) सादर करी. असे सलग त्रिनाट्य एकच उरले आहे : ईस्किलसचे ‘ओरेस्टिया’ (इ. स. पू. ४५८).

ईस्किलसच्या ‘सप्लायंट्स’मध्ये वृंदच मध्यवर्ती असल्याने ते सर्वांत जुने उपलब्ध नाटक मानले जाई. ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील, १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पपायरसच्या (प्राचीन लव्हाळी-कागदाच्या) तुकड्यावरून त्या स्पर्धेत ईस्किलसहून तरुण सॉफोक्लीझही होता असे दिसले, आणि नाटकाचा काळ सु. इ. स. पू. ४६३ पर्यंत अलीकडे आला. आता तो मान ‘पर्शियन्स’कडे (इ. स. पू. ४७२) जातो. केवळ रचनेच्या साधेपणावरून काळ ठरवणे किती धोक्याचे, हे या एका तुकड्याने दाखवून दिले.

ईस्किलस व सॉफोक्लीझ यांची प्रत्येकी सात नाटके उपलब्ध आहेत. ‘प्रॉमिथ्यूस बाउंड’ ईस्किलसचेच का, याविषयी शंका आहे. युरिपिडीझच्या नावावरील एकोणीसपैकी ‘सायक्लॉप्स’ हे सॅटर-नाटक, तर ‘रीसस’ बहुधा दुसऱ्या कोणाचे. इतर नाटककारांपैकी फ्रिनिकसला मायलीटस या ग्रीक नगराच्या पाडावावरील नाटकाबद्दल हजार द्राख्मा दंड झाल्याचे इतिहासकार हिरॉडोटस सांगतो. ॲगाथॉनचे केवळ त्रुटित अंश उरले आहेत; त्याच्या एका नाटकातील घटना व पात्रे सर्वस्वी कल्पित होती, अशी ॲरिस्टॉटलची नोंद आहे.