शेपटीसाठी लॅटेक्स मागवायच्या आधी हे वाचा

"माझी उंची ५ फूट ४ इंच आहे, जलपरीची शेपटी करायचीय, लॅटेक्स किती लिटर लागेल?" हा मेसेज आम्हाला सारखा येतो आणि उत्तरादाखल आम्ही उलट चार प्रश्न विचारले की समोरच्याला वाटतं हे टाळाटाळ करतायत. टाळाटाळ नाही हो. नुसत्या उंचीवरून लिटर सांगता येत नाहीत, आणि अंदाजपंचे सांगितलं तर एक तर डबा अर्धा उरतो नाहीतर शेपटीच्या टोकाच्या पंख्याच्या मधोमध माल संपतो.

हिशोब तसा सोपा आहे. आमचं लॅटेक्स साधारण ६० टक्के रबराचं, बाकी बहुतेक पाणी, ते उडून जातं. त्यामुळे १ चौरस मीटरवर सुकल्यानंतर १ मिलीमीटर जाडी हवी असेल तर ओलं लॅटेक्स साधारण १.६ लिटर लागतं. आता कमरेपासून घोट्यापर्यंतचा भाग धरा ०.७ चौरस मीटर, खालचा पंखा दोन्ही बाजू मिळून ०.५, झाले १.२. जाडी दीड मिमी ठेवली तर तीन लिटरच्या आत-बाहेर. पण तुम्हाला खवले चांगले उठावदार हवेत, सरासरी जाडी ३ मिमी गेली, तर हाच आकडा दुप्पट. म्हणजे एकाच उंचीच्या दोघींना लागणारा माल डबल फरकाचा असू शकतो. वर ब्रशला, भांड्याला चिकटून जातं ते वेगळं, त्यासाठी थोडं जास्तच धरा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात लोकांचे आठवडेच्या आठवडे जातात: लॅटेक्स सगळ्यात आधी मागवू नका. उत्साहात तोच डबा पहिला घेतला जातो, कारण शेपटी म्हटलं की डोळ्यासमोर तेच येतं. मग मोनोफिन (दोन्ही पावलं एकत्र अडकवायचं पोहण्याचं एकच रुंद पर) कुठलं घ्यायचं ते ठरत नाही, मोनोफिन नाही म्हणून पंख्याचा आकार नाही, आकार नाही म्हणून आतलं कापड बेतता येत नाही, आणि तोवर "जरा बघू तरी कसं लागतं" म्हणून डबा उघडलेला असतो. झाकण नीट बसलं नाही की त्यातला अमोनिया उडतो. तो वास नकोसा वाटतो खरा पण लॅटेक्स पातळ राहतं ते त्याच्याच जोरावर. मग वर दुधासारखी साय धरते, खाली गुठळ्या होतात, आणि फोन येतो की माल खराब निघाला. म्हणूनच उघडलेला डबा आम्ही परत घेत नाही, आणि म्हणूनच मोठी ऑर्डर मापं हातात आल्याशिवाय पाठवत नाही. काही जणांना याचा राग येतो, येऊ दे, वाया गेलेल्या डब्यापेक्षा तो परवडला.

क्रम असा ठेवा: आधी मोनोफिन, मग मापं, मग आतलं कापड, मग खवल्यांचं डिझाइन, आणि लॅटेक्स शेवटी.

मापांबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथे चांगले चांगले फसतात. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं आणि टेप दुसऱ्याला धरायला सांगायची, स्वतः वाकून घेतलेलं माप हमखास चुकतं. कमरेपासून खाली दर १० सेंटिमीटरवर पेनाने खूण करून त्या त्या ठिकाणचा घेर लिहायचा. कंबर, नितंब, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, इथवर सगळे बरोबर करतात. घोट्याला येऊन गडबड होते. घोट्याचा घेर लिहून देतात, शेपटी त्याच मापाने शिवतात, दिसायला एकदम सुबक दिसते, आणि पाय आत जातच नाही, कारण टाच घोट्यापेक्षा मोठी असते आणि पायाला त्या अरुंद भागातूनच खाली मोनोफिनपर्यंत जायचं असतं. म्हणून पावलं पुढे ताणून टाचेपासून पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून फिरवून जो घेर येतो तो घ्या, दोन्ही पावलांचा एकत्र. शेपटीचा सगळ्यात अरुंद भाग याच्यापेक्षा कमी ठेवायचा असेल तर तिथे कापड तेवढं ताणलं गेलं पाहिजे किंवा मागून झिप पाहिजे. झिप प्लास्टिकच्या दातांचीच घ्या. पितळी झिप, पितळी रिंगा लॅटेक्सजवळ नकोत, तांब्याने लॅटेक्सवर तपकिरी डाग पडतात आणि ते लवकर कुजतं. (हो, आमच्याकडे प्लास्टिकवाल्या आहेत, लांब मापातही.)

आतल्या कापडासाठी बहुतेक लोक २-३ मिमी निओप्रीन (पाणबुड्यांच्या सूटचं फोमसारखं रबर) घेतात, ते चालतं, फक्त वरून कापड लावलेलं घ्या म्हणजे लॅटेक्स धाग्यात शिरून पकड घेतं. नुसत्या गुळगुळीत रबरावरून ते पापुद्र्यासारखं सुटून येतं. निओप्रीन पाण्यात तरंगतं हेही लक्षात ठेवा, पाय वर आणि डोकं खाली असा प्रकार होऊ शकतो. लायक्रासारखं कापड घेतलंत तर ते सपाट टेबलावर रंगवू नका. आपल्या मापाचा चिकटपट्टीचा पुतळा करा, म्हणजे अंगावरच्या जुन्या लेगिंग्जवर चिकटपट्टी गुंडाळून, मागून कापून, आत कागद भरून करतात तो, त्याच्यावर प्लास्टिक लपेटा आणि कापड चढवून तिथेच कोट द्या. सपाट ठेवून दिलेला कोट कापडाचा ताण मारून टाकतो.

कोट पातळ द्या. ओलं लॅटेक्स दुधाळ पांढरं दिसतं, सुकलं की पारदर्शक पिवळसर होतं, त्यामुळे कुठे पांढरा ठिपका दिसतोय तोवर पुढचा कोट नाही. एका बसणीत जाड थर दिला तर वर कातडं सुकतं, आत महिनाभरही ओलं राहू शकतं. रंग लॅटेक्समध्ये मिसळायचा पिगमेंट घ्या, आणि ओलं असताना दिसतो त्यापेक्षा तो सुकल्यावर गडद होतो, म्हणून आधी छोट्या तुकड्यावर बघा. साधा अॅक्रिलिक वरून लावला तर पहिल्या वाकण्यालाच तडकतो. ब्रश बुडवायच्या आधी साबणाच्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, नाहीतर एका कोटात तो गेलाच समजा.

खवल्यांचे साचे प्लॅस्टरचे करा, प्लॅस्टर पाणी शोषतं म्हणून लॅटेक्स त्यात छान बसतं. काही जण लॅटेक्स आणि प्लॅटिनम सिलिकॉन (दोन भाग मिसळून घट्ट होणारं सिलिकॉन) एकाच ऑर्डरमध्ये मागतात, दोन्ही एकत्र वापरू नका, लॅटेक्स लागलेल्या जागी ते सिलिकॉन घट्टच होत नाही, लॅटेक्सचे हातमोजे घातले तरी हाच त्रास.

शेपटी तयार झाली की टाल्कम पावडर फिरवा, नाहीतर लॅटेक्स लॅटेक्सला चिकटून बसतं आणि सोडवताना फाटतं. अंगात घालताना तेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, रबर फुगून मऊ पडतं. क्लोरीनच्या पाण्यातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. ज्यांना रबराची अॅलर्जी आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये, त्यांच्यासाठी कापडाची शेपटी आहे. आणि एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, आधी जमिनीवर झटकन पाय काढून बघायचे, मगच.

पहिल्यांदाच करत असाल तर आम्ही एक छोटी बाटली आणि कापडाचे दोन-तीन तुकडे असा नमुना पाठवतो, त्यावर कोट, रंग, सुकणं सगळं कळतं. मोठी ऑर्डर देताना मोनोफिनचा फोटो (बाजूला मोजपट्टी ठेवून), दर १० सेंटिमीटरचे घेर, टाचेचं माप आणि खवले किती जाड हवेत एवढं पाठवा, लिटर आम्ही काढून देतो.