काडीला मुळं खालच्याच टोकाला का फुटतात?

घरी अंजीर लावण्याचे व्हिडिओ सध्या भरपूर फिरतात. कुणी काडी बटाट्यात खोचायला सांगतं, कुणी मधात बुडवायला, कुणी कोरफडीच्या गरात. बटाट्यात काडी बहुधा कुजते. तिथे ओल असते, हवा नसते आणि बुरशीला आयतं अन्न मिळतं. मधात मुळं फोडणारं काहीच नसतं. पण अंजिराची काडी मुळात सहज लागणारी असते, त्यामुळे असले प्रयोग करूनही दहातल्या चार लागतात आणि श्रेय मधाला जातं. उरलेल्या सहा का मेल्या, ते कुणी सांगत नाही.

दुसरा गैरसमज अंजिरात मेलेली माशी असते हा. उंबर फोडलं की केंबरं उडतात, म्हणून अंजिरातही ती असणारच असं लोक धरून चालतात. अंजिराच्या मांसल कोषात आतल्या बाजूला शेकडो फुलं असतात, आणि तुर्कस्तानातल्या स्मिर्ना गटाच्या जातींना परागीकरणासाठी एक इवली गांधीलमाशी लागते, हे खरं. पुरंदरच्या बागांत असते ती पुना अंजीर ही जात मात्र परागीकरणाशिवायच फळ धरते. तिला माशीची गरज नाही. याची दुसरी बाजू अशी, की तिच्या फळात दाताखाली कचकचणारं बी पोकळ असतं, ते उगवत नाही. सुक्या आयात अंजिरातलं बी कधी कधी उगवतं, पण त्यातली साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि उरलेल्यांपैकी अनेक माशीशिवाय फळं गाळतात. म्हणून घरी अंजीर करायचं तर काडीच लावावी लागते.

आता काडीकडे नीट पाहू. झाडावर असताना तिच्या वरच्या टोकाला शेंडा होता, खाली खोड. ती कापून उलटी रोवली, तरी मुळं तिच्या मूळच्या खालच्या टोकाकडूनच फुटू पाहतात, जरी ते टोक आता हवेत असलं तरी. काडीला आपलं वर-खाली ठाऊक असतं, आणि ते गुरुत्वाकर्षणावरून नव्हे. ही दिशा तिच्या पेशीपेशीत आहे.

शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. नेदरलँड्समध्ये फ्रिट्स वेन्ट यांनी 1920च्या दशकात ओटच्या कोंबावर प्रयोग करून ते कोंबातून वेगळं काढून दाखवलं. ऑक्सिन खोडातून वरून खाली जातं, तासाला साधारण एक सेंटिमीटर या वेगानं. ते वर का जात नाही, याचा खुलासा 1970च्या दशकात पुढे आला. ऑक्सिन हे सौम्य आम्ल आहे. पेशीभित्तिकेचा सामू, म्हणजे पीएच, 5.5च्या आसपास असतो. तिथे ऑक्सिनचे काही रेणू, ढोबळमानानं सहा-सातातला एक, प्रभाररहित असतात आणि पेशीपटलातून आत शिरतात. पेशीच्या आत सामू 7च्या जवळ. तिथे त्यांचा प्रोटॉन सुटतो, त्यांच्यावर ऋण प्रभार येतो आणि प्रभारित रेणूला पटल ओलांडता येत नाही. म्हणजे आत येणं सोपं, बाहेर पडणं अवघड. बाहेर पडायला खास प्रथिनांची दारं लागतात, त्यांना पिन प्रथिनं म्हणतात. आणि ही दारं पेशीच्या मुख्यतः खालच्या पटलात बसवलेली असतात. एका पेशीच्या तळातून सुटलेलं ऑक्सिन खालच्या पेशीत शिरतं, तिच्याही तळातून सुटतं, आणि असं करत उतरत जातं.

काडी कापली की हा प्रवाह कापाशी येऊन अडतो. खाली पेशीच नाही, मग ऑक्सिन तिथे साचतं. वाहिन्यांजवळच्या पेशींना हा साठा मिळाला, की त्या पुन्हा विभागू लागतात आणि त्यांतून मुळांचे अंकुर तयार होतात. कापावर पांढरा फुगीर थर येतो तो कॅलस. तो जखम भरतो, ती मुळं नव्हेत. कॅलस दिसला म्हणून काडी लागली असं समजू नये.

सोलापुरात काडी घ्यायची ती गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, नवी पालवी फुटायच्या आधी. पानं गळालेल्या फांदीत स्टार्चचा साठा भरपूर असतो, आणि मार्चअखेर ऊन चाळिशीला टेकण्यापूर्वी मुळांना दोन महिने मिळतात. एप्रिलमध्ये लावलेली काडी इथे टिकवणं फार कठीण.

गेल्या हंगामातली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. कोवळा शेंडा टाकून द्या, तो कुजतो. लांबी 20 ते 25 सेंटिमीटर, चार-पाच डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा डोळ्याच्या दीड सेंटिमीटर वर, तिरका. यामुळे रोवताना वर-खाली चुकत नाही आणि तिरक्या कापावर पाणी थांबत नाही. कात्री आधी स्पिरिटनं पुसा. काडी अर्धा तास पाण्यात उभी ठेवून चीक निथळू द्या आणि वरच्या कापाला मेण लावा.

हातमोजे घाला. अंजिराच्या चिकात फ्युरोकौमरिन गटातली द्रव्यं असतात. ती कातडीला लागली आणि वर ऊन पडलं, तर भाजल्यासारखे फोड येतात. दूध निघणारं झाड अंगणात लावलं की पैसा टिकत नाही, असं वास्तूवाले सांगतात. पैशाचा आणि चिकाचा काही संबंध नाही, हातमोज्यांचा आहे.

इंडोल ब्युटिरिक ॲसिड हे ऑक्सिनसारखंच काम करणारं संप्रेरक. ते पाण्यात नीट विरघळत नाही. 200 मिलिग्रॅम पूड 50 मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात तेवढंच पाणी घातलं की 2000 पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत दोन हजार भाग असलेलं द्रावण होतं. काडीचं खालचं टोक त्यात पाच ते दहा सेकंद बुडवायचं, रात्रभर नाही. मात्रा जास्त झाली तर टोक काळं पडतं आणि डोळे फुटायचे थांबतात. हे नसलं तरी काड्या लागतात, फक्त उशिरा आणि थोड्या कमी.

आपली काळी माती इथे वापरू नका. ती ओली झाली की फुगते, हवा कोंडते, वाळली की भेगाळून कोवळी मुळं तोडते. धुतलेलं कोकोपीट आणि भरड वाळू निम्मी-निम्मी घ्या. मूठ आवळली की एखादाच थेंब पडावा, इतकाच ओलावा ठेवा. सहा बाय आठ इंची, भोकं पाडलेल्या काळ्या पिशवीत काडीचा दोन तृतीयांश भाग पुरा आणि पिशव्या उजेडात पण सावलीत ठेवा.

बहुतेक काड्या मरतात त्या पुढच्या टप्प्यावर. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो, दोन हिरवी पानं येतात, घरात आनंद होतो आणि पिशवी उन्हात जाते. ती पानं काडीतल्या साठ्यावर आलेली असतात, खाली मुळाचा पत्ता नसतो. पान बाष्प सोडतं, खालून पाणी येत नाही, चार दिवसांत सगळं मान टाकतं. त्यात कुणी जास्त पाणी ओततं आणि उरलीसुरली काडी कुजते. मुळांना तीन ते सहा आठवडे लागतात. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ दिसेपर्यंत जागा हलवू नका. तोवर वरून पारदर्शक पिशवी घाला आणि बुरशी धरू नये म्हणून ती रोज थोडा वेळ काढून ठेवा.

एखाद्याच झाडावरून एकच रोप हवं असेल तर पावसाळ्यात गुटी कलम बांधा. फांदीची अडीच सेंटिमीटर रुंद साल गोल काढा आणि खालचा बुळबुळीत थर खरवडा, नाहीतर साल पुन्हा जुळते. वर ओलं शेवाळ आणि प्लास्टिक घट्ट बांधा. लाकडातून पाणी वर जात राहतं, सालीतून उतरणारी साखर आणि ऑक्सिन कापाच्या वरच्या काठाशी साचतात, आणि मुळं तिथेच फुटतात.

जमिनीत लावायचं तर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, शेणखत आणि निंबोळी पेंड. गच्चीवर किमान 40 लिटरची कुंडी. विकतचं रोप घेताना मुळं पाहा. मण्यांसारख्या गाठी असतील तर आत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी आहेत, ते रोप आणूच नका. बोअरच्या जड पाण्यानं कुंडीत पांढरा क्षार चढतो. महिन्यातून एकदा तळातून वाहून जाईल इतकं पाणी द्या. बुंध्याशी उसाचं पाचट पसरा. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर तपकिरी पूड दिसली तर तो तांबेरा. गळलेली पानं गोळा करून जाळा आणि 1 टक्का बोर्डो फवारा, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद आणि तेवढाच चुना. खोडाच्या भोकातून भुसा पडत असेल तर आत खोडकिडा आहे. तार घालून तो मारा आणि भोक बुजवा.

फळ नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतं, म्हणून दरवर्षी छाटणी हवी. मीठा बहारासाठी ती सप्टेंबर-ऑक्टोबरात करतात आणि त्याची फळं उन्हाळ्यात येतात. फळ भरू लागलं की पाणी नेमानं द्या. आठवडाभर कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं तर फळ तडकतं. फळ मानेशी मऊ होऊन खाली झुकलं की तोडायचं. देठातून पांढरा चीक आला तर ते कच्चं आहे, आणि कच्चं तोडलेलं अंजीर घरात ठेवून गोड होत नाही. बुलबुल मात्र एक दिवस आधीच येतात, म्हणून रंग बदलू लागताच फळाला जाळीची पिशवी बांधा.