स्प्लिटरने दोन स्क्रीन होत नाहीत

सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून विश्रामबागेतल्या कर सल्लागारांपर्यंत एक समज पक्का आहे: एचडीएमआय स्प्लिटर (एका एचडीएमआय पोर्टला दोन मॉनिटर जोडणारी डबी) आणला की एका मॉनिटरवर टॅली, दुसऱ्यावर एक्सेल. तसं होत नाही. स्प्लिटर एकच सिग्नल दोन्हीकडे पाठवतो, त्यामुळे दोन्हीकडे टॅलीच दिसते. उगाच पैसे घालवू नका.

आधी सीपीयूच्या मागे बघा. एचडीएमआयशेजारी बहुधा व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट, म्हणजे मॉनिटर जोडायचा आणखी एक पोर्ट असतो. दुसरा मॉनिटर तिथे जोडा, कीबोर्डवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, म्हणजे दोन्हीकडे वेगळं दिसेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही केबल कार्डालाच लावा. मदरबोर्डचे, म्हणजे पीसीच्या मुख्य बोर्डावरचे पोर्ट तेव्हा बऱ्याचदा बंद असतात. डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल घेताना जपा, साधी केबल एकाच दिशेने चालते: डिस्प्लेपोर्टचं टोक पीसीला, एचडीएमआयचं मॉनिटरला. उलट लावली तर ‘नो सिग्नल’.