आई-बाबांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरलाय? दुकानात येण्याआधी एवढं वाचा

शनिवारी संध्याकाळी हमखास कुणीतरी लॅपटॉप घेऊन येतं. "बाबा पासवर्ड विसरलेत, तेवढा काढून द्या." आम्ही विचारतो, "बाबांचा मोबाईल आणलाय?" मोबाईल घरी, बाबाही घरी आणि घर कासारवडवलीला. मग घोडबंदर रोडच्या गर्दीतून पुन्हा जा, पुन्हा या. तोवर आमची दुकान बंद करायची वेळ झालेली असते. तुमचा हा हेलपाटा वाचावा म्हणून हे पत्रक छापलं.

मोबाईल का लागतो, तर विंडोज १० किंवा ११ असलेल्या बहुतेक घरगुती मशीनवर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलेलं असतं. पासवर्ड त्या खात्याचा असतो, लॅपटॉपचा नव्हे. तो बदलायचा तर खात्याला जोडलेल्या मोबाईलवर किंवा ईमेलवर कोड येतो आणि तो टाकला की दहा मिनिटांत काम होतं. चार किंवा सहा आकड्यांचा पिन ही वेगळी गोष्ट, तो फक्त त्या एका मशीनपुरता असतो. पिन विसरला तरी नवीन करताना खात्याचा पासवर्ड विचारतात, आणि तोही आठवत नसेल तर पुन्हा कोडच लागतो.

येण्याआधी खात्याला कोणता नंबर जोडलाय ते बघून ठेवा. स्क्रीनवर त्याचे शेवटचे दोन आकडे दिसतात. पुष्कळदा तो बाबांचा जुना, रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर निघतो. मग खातं आपलंच आहे हे फॉर्म भरून पटवून द्यावं लागतं. आधी वापरलेले पासवर्ड, पाठवलेल्या ईमेलचे विषय असलं काय काय त्यात विचारतात. दोन टप्प्यांची सुरक्षा (पासवर्डनंतर कोडही मागणारी) चालू असेल तर तो फॉर्मही उपयोगाचा नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांचा नंबर बदलाल त्याच दिवशी खात्यातलाही बदलून घ्या.

मोबाईलइतकंच महत्त्वाचं म्हणजे स्वतः बाबांना किंवा आईंना घेऊन या. मशीनवर मायक्रोसॉफ्टचं खातं नसेल, तर त्या मशीनपुरतं खातं तयार करताना निवडलेले तीन सुरक्षा-प्रश्न समोर येतात. लहानपणी घरात काय हाक मारायचे? पहिली शाळा कोणती? उत्तर माहीत असलं तरी त्यांनी त्याचं इंग्रजी स्पेलिंग कसं केलं होतं, हे मुलांना कुठून ठाऊक असणार?

मध्यंतरी चरईतले एक काका आले होते, बँकेतून निवृत्त झालेले. डायरीत 'कॉम्प्युटर' या शब्दासमोर त्यांनी फक्त 'नेहमीचाच' असं लिहून ठेवलेलं. मुलगा काउंटरवरच चिडला आणि काका आणखी गोंधळले. आम्ही मुलाला चहा प्यायला पाठवलं, काकांना खुर्ची दिली आणि त्यांचाच कीबोर्ड पुढ्यात ठेवला. "आठवू नका, हात चालतील तसे चालू द्या," म्हटलं. तिसऱ्या खेपेला मशीन उघडलं. त्यांच्या बोटांना पासवर्ड पाठ होता. तेव्हा एक विनंती, दुकानात वडीलधाऱ्यांवर आवाज चढवू नका. घाबरलेल्या माणसाला येत असलेलंही आठवत नाही.

घरी आधी या साध्या गोष्टी बघा. कॅप्स लॉक चालू आहे का? नम लॉक बंद असेल तर बाजूच्या पॅडवरचे आकडे उमटत नाहीत. मराठी टायपिंग करणाऱ्यांकडे कीबोर्ड मराठीवरच राहून जातो आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. डोळ्याच्या चिन्हावर दाबून काय उमटतंय ते पाहा. पिन बरेचदा चुकला की मशीन इंग्रजीत ए-१-बी-२-सी-३ टाइप करायला सांगतं. तो व्हायरस नाही, पण तिथे थांबा आणि आमच्याकडे या.

व्हिडिओ बघून फॉरमॅट मात्र मारू नका. पासवर्ड परत मिळतो, पण बॅकअप नसेल तर नातवंडांचे फोटो आणि पेन्शनचे स्कॅन केलेले कागद मिळत नाहीत. "डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा ना," असंही सांगतात. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असते आणि तिला ४८ आकडी किल्ली लागते. ती किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, म्हणजे वाट पुन्हा मोबाईलपाशीच येते. इंटरनेटवर सापडलेल्या 'कस्टमर केअर'ला फोन करून कोड सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

मालक समोर नसताना आम्ही कुणाचंही मशीन उघडत नाही, सख्खा मुलगा असला तरी. काहींना राग येतो, बाजूच्या गल्लीत लगेच करून देतात असंही ऐकवतात. पण उद्या तुमचा लॅपटॉप दुसऱ्या कुणी आणला, तर आम्ही हेच करावं असं तुम्हालाही वाटेल. कोडही आम्ही विचारत नाही, मालकांनी स्वतः टाकायचा.

तपासणीचे ३०० रुपये. मशीन उघडलं की नंबर अद्ययावत करणं आणि किल्लीची छापील प्रत पाकिटात घालून देणं त्यातच आलं. बाहेरच्या डिस्कवर बॅकअपचे पैसे वेगळे, पण तो घ्याच असं आम्ही आग्रहाने सांगतो. ज्यांना जिने उतरणं होत नाही, त्यांच्यासाठी नौपाडा, चरई, पाचपाखाडी आणि कोपरीत आम्ही सकाळी ११ ते १ घरी येतो.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आमच्याकडे रांग असते, म्हणून लॅपटॉप जमल्यास दिवाळीच्या सफाईतच उघडून पाहा. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनधारकांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्यांना त्याच महिन्यात घेऊन या, निवांत बसून दोन्ही कामं करून देऊ.