परिसंस्था-पुनःस्थापनातील ज्ञान व विदा (डेटा) यांचा विनिमय

अवनत किंवा नष्ट झालेली परिसंस्था सावरण्यासाठी केलेल्या कामाची पद्धत, मोजमापे आणि फलिते इतरांना वापरता येतील अशा रीतीने नोंदवून खुली करण्याची प्रथा. फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही तिच्यात येतात. व्यवहारात मात्र त्याच सर्वांत कमी आढळतात.

प्रथेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील वृक्षोद्यानापासून सुरुवात करतात. शेती व चराईखाली गेलेल्या तेथील जमिनीवर १९३० च्या दशकाच्या मध्यास मूळची तृणभूमी परत आणण्याचे काम सुरू झाले. हीच पुढे ‘कर्टिस प्रेअरी’ म्हणून ओळखली गेली. ऑस्ट्रेलियन अभ्यासक ब्रोकन हिल या खाणनगरीकडे बोट दाखवतात. तेथे अल्बर्ट मॉरिस यांच्या पुढाकाराने १९३६ पासून नगराभोवतीचे पट्टे कुंपणाने बंदिस्त केले गेले. गुरे व ससे बाहेर राहिल्यावर स्थानिक वनस्पती बहुतांशी आपोआप उगवून आल्या. एडिथ रॉबर्ट्स यांनी व्हासार महाविद्यालयात १९२० च्या दशकात उभारलेली स्थानिक वनस्पतींची खुली प्रयोगशाळा त्याहून जुनी असली, तरी तिला पुनःस्थापन म्हणावे की वनस्पती-उद्यान, हा प्रश्न उरतोच.

केवळ कृतीचा अग्रमान ठरवायचा तर हा वाद मिटणे अवघड आहे. विनिमयाच्या दृष्टीने मॅडिसनचा दावा अधिक ग्राह्य वाटतो, कारण तेथील नोंदी इतरांच्या उपयोगी पडल्या. जॉन कर्टिस व मॅक्स पार्च यांनी तेथे नियंत्रित जाळण्याचे प्रयोग केले. आगीने परके निळे गवत हटते आणि तृणभूमीच्या मूळ वनस्पतींना वाव मिळतो, हा निष्कर्ष त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. आग ही आपत्ती नसून साधन आहे, हे इतर ठिकाणच्या लोकांना स्वतः चुका न करता कळण्याची सोय त्यामुळे झाली.

संकलित विदेचा अभाव किती मोठा आहे हे २००५ मध्ये दिसून आले. अमेरिकेतील नदी-पुनःस्थापनाच्या ३७,०९९ प्रकल्पांच्या नोंदी एकत्र केल्या असता त्यांतील जेमतेम १० टक्क्यांत कोणत्याही प्रकारच्या मूल्यमापनाचा उल्लेख सापडला. याउलट २०२१ मधील एका जागतिक संकलनाने कोरड्या प्रदेशांतील १७४ ठिकाणांची, ६७१ वनस्पती जातींची सुमारे ५.९४ लाख निरीक्षणे जुळवली. १७ टक्के प्रकल्पांत पेरलेली एकही जाती रुजली नव्हती. हा आकडा एकेकट्या अहवालातून कधीच बाहेर आला नसता.

खरी अडचण एककांची आणि टक्केवारी कशाच्या प्रमाणात काढली याची, म्हणजे छेदाची आहे. ‘हेक्टरी १० किलो बी पेरले’ ही नोंद वाचताना नेमकी वाटते. परंतु बियांची शुद्धता ६० टक्के आणि उगवणक्षमता ५० टक्के असेल, तर शुद्ध जिवंत बी ३ किलोच भरते. दुसऱ्या प्रकल्पातील १० किलोंत ते ८ किलो असू शकते, आणि दोहोंची तुलना निरर्थक ठरते. जगण्याच्या टक्केवारीचेही तसेच. १,००० रोपांपैकी ३०० मेली, त्यांच्या नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपे लावली, आणि वर्षअखेरीस १,००० उभी दिसली, तर काही अहवाल शंभर टक्के यश लिहून मोकळे होतात. नांग्या किती व केव्हा भरल्या याचा रकाना नसेल, तर ७० टक्के हा खरा आकडा कायमचा हरवतो.

जैवविविधतेच्या नोंदींसाठी प्रचलित असलेल्या ‘डार्विन कोअर’ या मानकात जाती तेथे मूळची आहे की माणसाने आणलेली, हे सांगणारे पद आहे. ते रिकामे सोडले, तर लावलेले झाड पुढच्या अभ्यासकाला नैसर्गिक आढळ वाटते आणि जातीचा प्रसार-नकाशा बिघडतो.

पुनःस्थापनाची आंतरराष्ट्रीय मानके २०१६ मध्ये प्रथम मांडली गेली व २०१९ मध्ये सुधारली गेली. धोक्यांचा अभाव, भौतिक स्थिती, जातिरचना, संरचना, कार्य आणि बाह्य देवाणघेवाण या सहा गुणांवर पाच ताऱ्यांची श्रेणी देण्याची पद्धत त्यांत आहे. ताऱ्यांमुळे प्रगती एका चित्रात दाखवता येते. मूळ मोजमापांची जागा मात्र ते घेऊ शकत नाहीत. विदा शोधता, मिळवता, जुळवता व पुन्हा वापरता यावी, ही चार तत्त्वेही २०१६ मधलीच. त्यांना पूरक म्हणून २०१९ मध्ये आदिवासी समाजांचा स्वतःविषयीच्या विदेवरील अधिकार मांडणारी तत्त्वे आली. सगळे खुले असावे, या आग्रहाला त्यांनी मर्यादा घातली. दुर्मिळ ऑर्किडसारख्या जातींचे नेमके अक्षांश-रेखांश चोरट्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ते मुद्दाम ढोबळ करून प्रसिद्ध करतात.